शंभरापुढची माणसं

“पाहुण्यांसमोर सेला बोलेल,” ॲलिस्टर क्रॉम्बीनं जाहीर केलं आणि उरलेला चीज रोल तोंडात कोंबून तो मोकळा झाला.

लॉर्ना मॅकेल्वी चहा ओतत होती. कप भरून चहा बशीत उतरला तेव्हा कुठे तिचा हात थांबला. चहाच्या खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी टेबल बडवलं. खिडकीशी उभी असलेली सेला फोनुआ लाजून बुटांकडे बघत राहिली.

“मी म्हटलं होतं लॉर्नांनी बोलावं,” सेला म्हणाली. “सिडनीची मंडळी त्यांना ओळखतात.”

“ओळखतात म्हणूनच नको. जरा नवा चेहरा बघू दे त्यांना. काय लॉर्ना?”

“अगदी,” लॉर्ना म्हणाली. “काम तिचं आहे, बोलायलाही तिनंच हवं.”

हे म्हणताना ती हसलीसुद्धा. बशीतला चहा ओतून देण्याच्या निमित्तानं सगळ्यांकडे पाठ करता आली, हे बरं झालं.

“तू फक्त एकदा तपासून दे,” ॲलिस्टर तिच्या पाठीला म्हणाला. “तुझ्या नजरेखालून गेलं की मी निर्धास्त.”

डनिडिनच्या बंदरालगत लोकरीच्या एका जुन्या गोदामात त्यांचं ऑफिस होतं. हवा दमट झाली की लाकडी तुळयांना अजून मेंढरांचा वास यायचा. तिथं बसून ही माणसं औषधांचं गणित मांडायची. गोळी पोटात गेली की रक्तात किती उतरते, किती वेळ टिकते, मूत्रपिंडं तिला किती वेगानं बाहेर काढतात आणि दुखणं कधी हटतं, हे सगळं समीकरणांत बांधून संगणकात एक माणूस उभा करायचा. त्याला लुकडा करायचा, लठ्ठ करायचा, म्हातारा करायचा, त्याची मूत्रपिंडं थकवायची आणि दर वेळी विचारायचं, बाबा रे, तुला किती गोळी पुरेल? याला ते मॉडेल म्हणत. खऱ्या रोग्यांना मोठ्या चाचणीत गोळी द्यायच्या आधी औषध कंपन्या या गोदामाचा जिना चढून येत.

ॲलिस्टरनं हे सुरू केलं तेव्हा गोदामात दोनच टेबलं होती. एक त्याचं, एक लॉर्नाचं. गाऊटवरची ती छोटी पिवळी गोळी तेव्हाची. युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा निखाऱ्यासारखा तापलेली किती माणसं आता ती घेत होती, आणि कुणाला किती द्यायची हे लॉर्नाच्या मॉडेलनं ठरवलं होतं. औषधांच्या दुकानात गेली की त्या खोक्याकडे ती एकदा बघून घ्यायचीच. आयुष्यात दाखवण्यासारखं असं एवढं एकच काम तिच्या हातून झालं होतं. बाकीची चांगली होती, नेटकी होती, पण ती कुणीही केली असती.

आता त्याच सिडनीच्या कंपनीनं गाऊटवर नवं औषध काढलं होतं, आणि त्याचं मॉडेल सेलानं बांधलं होतं.

सेलाला लॉर्नानंच निवडलं होतं, हे तर जास्तच झोंबत होतं. ब्रॉकव्हिलच्या टेकडीवरची, टोंगा बेटांवरून आलेल्या घरातली ही थोराड मुलगी विद्यापीठातून शिकाऊ म्हणून आली तेव्हा घाबरून दारातच उभी राहिली होती. लॉर्नानं तिला शेजारी बसवून घेतलं. आकड्यांकडे कसं बघायचं, कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, सगळं शिकवलं. मुलगी भराभर शिकली. मग हळूहळू ऑफिसात एक नवं वाक्य ऐकू येऊ लागलं, ‘सेलाला विचार.’ पूर्वी तिथं लॉर्नाचं नाव असायचं. हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा लॉर्ना झेरॉक्सपाशी उभी होती. कागद संपले होते तरी ती बटण दाबत राहिली.

बरं, मुलीच्या वागण्यात खोट काढावी तर तीही सोय नव्हती. चारचौघांत ती आवर्जून म्हणायची, “हे मला लॉर्नांनी शिकवलं.” लॉर्नाला वाटायचं, हिनं एकदा तरी उद्धटपणे बोलावं. म्हणजे मोकळेपणानं राग तरी धरता येईल.

घरी मरे कॉड तळत होता. लॉर्नाचा नवरा जन्मभर बंदरात मोठी जहाजं ओढणारी टगबोट चालवून निवृत्त झाला होता आणि आता स्वयंपाकघरावर त्याची सत्ता होती.

“सेला बोलणार? वा,” तो म्हणाला. “चुणचुणीत पोरगी आहे.”

“तुला काय माहीत?”

“नाताळात आली होती ना, नारळाच्या दुधातलं ते काहीतरी घेऊन? अर्धा तास माझ्याशी टगबोटीवर बोलत होती. तू इतक्या वर्षांत पाच मिनिटं बोलली नाहीस.”

“मग तिच्याशीच लग्न करायचं होतंस.”

“विचारलं असतं, पण गुडघे दुखतात,” मरे म्हणाला. तिनं हसावं म्हणून तो थांबला. ती हसली नाही. मासा ताटात वाढून तो तिच्यासमोर बसला. “लॉर्ना, तिचं काम तपासणार आहेस की तिच्यावर पाळत ठेवणार आहेस?”

“दोन्हीत फरक काय?”

“मला विचारशील तर पुष्कळ आहे,” असं म्हणून त्यानं लिंबू पिळलं आणि विषय सोडला.

दुसऱ्या दिवसापासून ती सेलाच्या मॉडेलच्या मागे लागली. इतकं बारकाईनं तिनं आपलं स्वतःचं काम कधी तपासलं नव्हतं. एकेक समीकरण सोडवून पाहिलं. आकडे मुद्दाम वेडेवाकडे घालून मॉडेल कोसळतं का बघितलं. कोसळलं नाही. उलट आत शिरावं तसं तिला अधिकच कसंतरी व्हायला लागलं, कारण काम सुरेख होतं. थकलेली मूत्रपिंडं औषध कसं अडवून धरतात, ते दिवसागणिक कसं बदलतं, हा भाग लॉर्नानं स्वतः कितीदा मांडायला घेऊन सोडून दिला होता. सेलानं तो अशा सोप्या रीतीनं सोडवला होता की वाचताना लॉर्नाच्या तोंडून “अरे!” निघालं. हे मला का नाही सुचलं? नुसतं वर ठेवलेलं तर होतं, हात उंचावून घ्यायचं. मत्सर म्हणजे दुसऱ्याला मिळालेल्या खुर्चीचा राग, अशी तिची आजवरची समजूत होती. खुर्चीचं तिला आता काहीच वाटत नव्हतं. तिला ती सुचलेली कल्पना हवी होती, आणि ती मागून मिळणारी वस्तू नव्हती.

बुधवारी दुपारी तिला चूक सापडली.

खरं तर संशयापोटी तिनं एक जास्तीचं काम केलं होतं. सेलानं तयार केलेली माहिती न वापरता इस्पितळांतून आलेली मूळ वजनं घेऊन तिनं आलेख काढला. मॉडेलच्या अंदाजाची रेघ आणि तिच्याभोवती खऱ्या रोग्यांचे ठिपके. डावीकडून मधोमध सगळं ठीक होतं, ठिपके रेघेच्या वरखाली छान विखुरलेले. पण उजव्या टोकाला, जिथं वजनदार माणसं होती, तिथं झाडून सगळे ठिपके रेघेच्या खाली. त्यांच्या रक्तात मॉडेल म्हणतं त्याहून औषध कितीतरी कमी सापडत होतं. म्हणजे त्यांची शरीरं औषध भराभर बाहेर टाकत होती आणि मॉडेलला त्याचा पत्ताच नव्हता. या हिशेबानं डोस ठरला असता तर त्या माणसांना तो अपुरा पडला असता. दुखणं तसंच राहिलं असतं आणि वर चाचणी फसली असती.

लॉर्ना मागे रेलून बसली. बाहेर बंदरावर ऊन पडलं होतं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

ती तडक उठली असती, चार टेबलं ओलांडून सेलाच्या खांद्यावर हात ठेवला असता, तर गोष्ट तिथंच संपली असती. ती उठलीही. पण सेलाभोवती दोघं-तिघं उभे होते आणि सगळे हसत होते. लॉर्ना तशीच पुढं गेली आणि पाण्याचा ग्लास भरून परत आली.

गुरुवारी सेला स्वतः आली. “काही सापडलं का? मला रात्रभर झोप नाही. काही असेल तर आत्ताच सांगा हं, उद्या पाहुण्यांसमोर नको.”

“अजून बघतेय,” लॉर्ना म्हणाली. “आतापर्यंत तरी ठीक वाटतंय.”

“नक्की?”

“मूत्रपिंडाचा भाग छान जमलाय तुला.”

सेलाचा चेहरा असा उजळला की लॉर्नाला पडद्याकडे वळावं लागलं. स्तुती खरी होती म्हणून तिच्याआडचं खोटं आणखीच वाईट होतं. ते तिला कळत होतं. कळूनही ती गप्प बसली.

शुक्रवारी सिडनीहून तिघं आले. त्यांच्या प्रमुख हॉलोवे बाई कमी बोलणाऱ्या, पेन्सिलीनं टिपणं घेणाऱ्या होत्या. सेलानं निळा झगा घातला होता आणि केसांत काहीतरी पांढरं खोचलं होतं. सुरुवातीला तिचा आवाज कापला, मग लागला. मूत्रपिंडाच्या भागापाशी ती आली तेव्हा हॉलोवे बाईंची पेन्सिल थांबली आणि त्या नुसत्याच ऐकू लागल्या. ॲलिस्टर तर बापासारखा फुलून आला होता.

“कुणाला काही विचारायचंय?” सेला शेवटच्या चित्राकडे वळण्याआधीच तो म्हणाला.

“मला एक दाखवायचंय,” लॉर्ना म्हणाली.

तिनं आलेख पडद्यावर टाकला. एक शब्दही जास्त न बोलता उजव्या टोकाचे ठिपके दाखवले. खोलीतली हवा बदलली. “मला वाटतं, मूत्रपिंडाचा हा जो नवा भाग आहे, त्याला वजनदार शरीरं पेलत नाहीयेत. कल्पना आकर्षक आहे, पण आणखी पिकायला हवी होती.”

‘पिकायला’ हा शब्द तिनं गुरुवारी संध्याकाळी गाडीत ठरवला होता.

हॉलोवे बाई पुढं झुकल्या. “हे तर गंभीर आहे. गाऊटचे निम्मे रोगी याच टोकाला असतात.”

सेला पडद्याजवळ गेली. ठिपक्यांकडे बघत राहिली. मग आपल्या संगणकापाशी येऊन तिनं काहीतरी उघडलं, वाचलं, आणि तिचे हात थांबले. सगळे तिच्याकडे बघत होते.

“मूत्रपिंडाचा भाग बरोबर आहे,” ती हळू म्हणाली. “घोटाळा त्याच्या आधी आहे. माहिती साफ करतानाच. शंभर किलोंच्या पुढचं कुठलंही वजन मॉडेलला शंभरच दिसतंय. एकशे वीस असो, दीडशे असो, शंभर.”

लॉर्नानं पडद्याकडे पुन्हा पाहिलं.

शंभर. तिला ती दुपार आठवली. पिवळ्या गोळीचं काम, मुदत तोंडावर आलेली. रोग्यांत फार वजनाची माणसं मोजकीच होती आणि तेवढ्यांमुळे सगळं मॉडेल डगमगत होतं. तात्पुरतं म्हणून तिनं एक ओळ लिहिली होती, शंभराच्या पुढे सगळे शंभर. मॉडेल लगेच शहाण्यासारखं वागायला लागलं. ते पुढे नीट करायचं होतं, ते राहून गेलं. कंपनी खूश झाली, ॲलिस्टरनं शॅम्पेन आणली. आणि सेला शिकायला आली तेव्हा माहिती साफ करण्याची ती सबंध पद्धत लॉर्नानंच तिच्या हाती दिली होती, हे घे, तपासलेलं आहे, निर्धास्त वापर.

“शंभर हे कुणी ठरवलं?” हॉलोवे बाईंनी विचारलं.

सेलानं लॉर्नाकडे पाहिलं नाही. “काम माझं आहे. मी बघायला हवं होतं. चूक माझी.”

जेवणाची सुट्टी झाली. मंडळी सँडविचांच्या थाळ्यांभोवती जमली. ॲलिस्टर लॉर्नाच्या कानाशी येऊन म्हणाला, “वाचवलंस बाई. पण मला आधी का नाही सांगितलंस?” उत्तराची वाट न बघता तो गेला. हॉलोवे बाई कप घेऊन तिच्याकडे आल्या.

“मी स्पष्टच बोलते. मुलगी हुशार आहे, पण कच्ची आहे. पुढचं काम तुम्ही हातात घ्याल का? तुमच्या पिवळ्या गोळीपासून आमचा तुमच्यावर भरवसा आहे.”

हेच तर तिला हवं होतं. किती दिवस मनातल्या मनात तिनं हे वाक्य वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी घालून ऐकलं होतं. “बघू,” ती म्हणाली. “जरा... मी आलेच.”

गोदामाच्या मागच्या बाजूला पूर्वी लोकरीचे गठ्ठे उतरवायचा धक्का होता. सेला तिथं पाय सोडून बसली होती. डबा उघडलेला, पण न खाल्लेला. थंडी बोचत होती.

“कोट घालून बसायचं ना,” लॉर्ना म्हणाली.

सेलानं डब्याचं झाकण लावलं.

“ती शंभराची ओळ माझी आहे.”

“माहितेय मला.”

“मग बोलली का नाहीस आत?”

“पाहुण्यांसमोर? ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव घेऊन?” सेलानं मान हलवली. मग तिचा आवाज एकदम कडक झाला. तसा लॉर्नानं तो आधी कधी ऐकला नव्हता. “आणि खरं सांगू? मला बघायचं होतं, तुम्ही बोलता का. आत बसून मी वाट बघत होते. आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही सँडविच घ्यायला उठलात.”

लॉर्नाला तिथून निघून जावंसं वाटलं.

“तो आलेख तुम्ही आज सकाळी काढला नव्हता,” सेला म्हणाली.

“नाही. बुधवारी.”

“गुरुवारी मी विचारलं होतं.”

“हो.”

“का पण? मी काय केलं होतं तुमचं?”

यावर सांगण्यासारखं लॉर्नापाशी बरंच होतं, पण त्यातलं एकही वाक्य पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडी शोभलं नसतं. “तो मूत्रपिंडाचा भाग,” ती अखेर म्हणाली. “तो मला सुचायला हवा होता. मी त्याच्यामागे कितीतरी वर्षं होते.”

सेला तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत दया नव्हती, हे बरंच झालं. “मला तो तुमच्याच जुन्या अर्धवट कामावरून सुचला,” ती म्हणाली. “मी आज तुमचं नाव घेणार होते. शेवटच्या चित्रावर होतं. तुम्ही त्याआधीच बोललात.”

सुट्टीनंतर सगळे परत बसले तेव्हा लॉर्ना उभी राहिली. तिनं आपल्यामागची खुर्ची घट्ट धरली होती.

“शंभराची मर्यादा सेलाची नाही, माझी आहे,” ती म्हणाली. “पिवळ्या गोळीच्या वेळी मी ती घातली आणि काढायची विसरले. तीच पद्धत मी तिला तपासलेली म्हणून दिली. मघाशी मी जे मूत्रपिंडाबद्दल बोलले, तेही चूक आहे.”

“लॉर्ना, खाली बस,” ॲलिस्टर पुटपुटला.

“आणि हा आलेख माझ्याकडे बुधवारपासून होता.”

हॉलोवे बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या चटकन सगळं समजल्या. “म्हणजे पिवळ्या गोळीचे डोस...”

“वजनदार माणसांसाठी कमी आहेत. इतकी वर्षं. अपाय झाला नसेल, पण उपायही पुरता झाला नसेल.”

पुढची काही मिनिटं खोलीत जे झालं ते लॉर्नाला नंतर नीट आठवेना. ॲलिस्टरचा लाल चेहरा आठवे, आणि कुणीतरी सिडनीला फोन लावायला बाहेर गेल्याचा दाराचा आवाज. मग सेलानं कुणाला न विचारता ती ओळ काढून टाकली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. सगळे पडद्याकडे वळले. उजव्या टोकाची रेघ वळली, खाली आली आणि ठिपक्यांच्या मधून गेली. मूत्रपिंडाच्या भागाला बोटही लावावं लागलं नव्हतं. तो पहिल्यापासून बरोबर होता. लॉर्नानं त्याला पाडायला म्हणून केलेल्या कामानं तो खरा ठरला होता. आणि एवढं सगळं होऊनही, रेघ त्या ठिपक्यांत बसली त्या क्षणी तिच्या छातीत तीच जुनी कळ उठली. काय सुंदर काम आहे, आणि ते माझं नाही.

नव्या औषधाचं काम सेलाकडे राहिलं. लॉर्नाला कुणी काढलं नाही. ॲलिस्टर महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. मरेला तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “बोललीस ना शेवटी,” आणि तिच्यासाठी चहा टाकला. पिवळ्या गोळीचं मॉडेल पहिल्यापासून मांडायचं ठरलं. ते काम लॉर्नानं मागून घेतलं आणि ते तपासायला सेलाला नेमावं, असंही तीच म्हणाली. सेलानं ते कसून तपासलं. दोनदा परत पाठवलं. दोघींमध्ये पूर्वीसारखं हसणं-बोलणं उरलं नव्हतं, पण कामाचं बोलणं पूर्वीपेक्षा सरळ झालं होतं. नवे डोस सरकारदरबारी मान्य झाले आणि डॉक्टरांना कळवायची तयारी सुरू झाली.

त्याच सुमाराला एका सकाळी रस्त्यांवर बर्फ गोठला. दुपारपर्यंत उन्हानं तो वितळला तरी टेकडीवरच्या बसगाड्या बंदच होत्या. “चल, मी सोडते,” लॉर्ना म्हणाली. सेला जरा थांबली आणि मग हो म्हणाली.

ब्रॉकव्हिलच्या उतारावर, रस्त्यापासून बरंच वर त्यांचं घर होतं. गाडी थांबते न थांबते तोच दार उघडून सेलाचे वडील बाहेर आले. विलिआमी फोनुआ केवढा तरी मोठा माणूस होता. खांदे दार भरून टाकणारे, कमरेला चटईसारखं विणलेलं वस्त्र, बहुधा चर्चला निघाला होता. एका पायात काळा बूट आणि दुसऱ्यात समोरून कापून उघडी केलेली सपात. त्या पायाचा अंगठा सुजून चकाकत होता.

“बाई, आत या,” तो वरूनच ओरडला. “शिकवणाऱ्या बाईंना कुणी गाडीतून परत पाठवतं का?”

नाही-नाही म्हणत लॉर्ना आत गेली. चहा झाला, केळ्याचे वडे झाले. विलिआमी बोलत होता, खाऊ घालत होता, आणि दर वेळी उठताना टेबलाचा काठ धरत होता.

“फार दुखतं का?” तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं.

“थंडीत जास्त. ती पिवळी गोळी आहे ना, ती घेतो. डॉक्टर म्हणतो, तुझ्या मापाला एवढीच, जास्त चालत नाही.” तो हसला. “माझ्या मापाला सगळं जास्त लागतं, गोळी तेवढी कमी. पण आता वाढवून मिळणार म्हणे. सेला सांगत होती, चूक तुम्ही शोधलीत.”

लॉर्नानं सेलाकडे पाहिलं. सेला कप विसळत होती. पाठ वळलेली. आपले वडील तीच गोळी घेतात, हे इतक्या महिन्यांत तिनं एकदाही सांगितलं नव्हतं. धक्क्यावर बसली होती तेव्हाही नाही.

“चूक माझीच होती,” लॉर्ना म्हणाली. “मीच केलेली.”

नळ थांबला.

“हो,” विलिआमी म्हणाला. “तेही सांगितलंय तिनं.”

त्यानं आणखी एक वडा तिच्या बशीत ठेवला. तिनं तो खाल्ला.

ती निघाली तेव्हा तोही उठला. “नको, पाय बघा तुमचा,” ती म्हणाली, पण त्यानं ऐकलं नाही. घरी आलेल्या बाईंना गाडीपर्यंत पोचवायचं असतं, एवढंच म्हणाला. उतार सावलीत होता आणि सिमेंटच्या पायवाटेवर अजून ओल होती. एका हातानं कुंपणाच्या फळ्या धरत, दुखरा पाय आधी टेकवून आणि मग दुसरा त्याच्याशेजारी आणून तो तिच्या बरोबरीनं खाली उतरला. लॉर्नाला पाऊल आखडतं घ्यावं लागत होतं. गाडीचं दार त्यानं तिच्यासाठी उघडून धरलं.

ती आत बसली, पण तिनं गाडी सुरू केली नाही. काचेतून तिला दिसत होतं, तो वळून चढायला लागला होता. अर्ध्यावर तो थांबला. सेला धावत खाली आली आणि त्याच्या काखेत खांदा देऊन उभी राहिली. त्यानं तिला काहीतरी सांगितलं आणि ती हसली, तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. दोघं पुन्हा चढू लागली. एक पाऊल, मग दुसरं त्याच्याशेजारी. घराचं दार लागेपर्यंत लॉर्ना किल्ली हातात धरून बसून होती.